आईचं रविवारचं हसू

आमचे नाना कोट्या करायचे. दुसरा कुठलाही नाद त्यांना नव्हता. पान नाही, तंबाखू नाही, पत्ते नाहीत. अदालतीत कारकून होते. दिवसभर उर्दू कागदांच्या नकला उतरवायच्या आणि संध्याकाळी पूल ओलांडून, अफझलगंजावरून चालत जामबागेत घरी यायचं. त्या वाटेवर एखादी कोटी तोंडात घोळवत यायचे आणि चपला काढायच्या आधीच ती बाहेर पडायची. दिसायला अगदी साधे, किडकिडीत, कोटाची बाही कोपरावर झिजलेली. पण कोटी करायच्या आधी त्यांचं नाक किंचित हलायचं, मग डोळे बारीक व्हायचे आणि मग खांदे हलायला लागायचे. सांगणारा स्वतः आधी हसला तर विनोद पडतो म्हणतात. नानांचा पडत नसे.

घर दोन खोल्यांचं होतं. पुढे ओसरी, मागे चार बिऱ्हाडांत मिळून एक नळ. सकाळी अजान व्हायची, मग देवळातली घंटा, मग दूधवाल्याची "पालु, पालु" अशी हाक. आई साताऱ्याकडची. लग्न होऊन या घरात आली त्या पहिल्या सकाळी ती हाक ऐकून केरसुणी घेऊन भिंतीवरच्या पाली शोधत फिरली होती. तेलुगूत पालु म्हणजे दूध, हे तिला कोण सांगणार? तसंच 'चालु'चं. तेलुगू माणूस जेवताना 'चालु' म्हणाला की त्याचा अर्थ 'पुरे'. आईने एका पाहुण्याच्या पानात तो "चालु, चालु" ओरडत असताना पाच पोळ्या वाढल्या, कारण तिला वाटलं, चालू ठेवा म्हणतोय. हे दोन किस्से नाना प्रत्येक नव्या माणसाला सांगायचे आणि आई प्रत्येक वेळी हसायची. बाकी तिचा कारभार खुणांवर चालायचा. बेगम बाजारातून मसाला, डाळी नाना आणायचे. दारावरच्या भाजीवालीशी ती बोटांनी बोलायची. अंबाडीची भाजी इथे येऊन शिकली, खट्टी दाळ शिकली, मिरचीच्या भज्यात तीळ-चिंच भरायला शिकली. भाषा शिकली नाही. तिला कुणी शिकवली नाही, असं म्हणणं जास्त खरं.

मला मात्र तिन्ही येत होत्या. त्यात माझी हुशारी काही नाही. नळावर तेलुगू, गल्लीत दखनी उर्दू, घरात मराठी. शाळेत मी चौथीपर्यंतच गेले, पण गल्लीतली शाळा मला पुरून उरली.

रविवारी सकाळी ओसरीवर नानांची बैठक बसे. दोनच माणसं यायची. एक मुनशीचाचा, नानांच्याच कचेरीतले, मागच्या गल्लीत राहणारे, पांढरी दाढी आणि आवाज इतका मऊ की शिवीसुद्धा आशीर्वादासारखी वाटावी. दुसरे वेंकटमामा, शाळेत गणित शिकवायचे, पोट मोठं आणि हसणं त्याहून मोठं. आई भजी तळायची, चहा करायची. मुनशीचाचांचा कप आमच्याकडे वेगळा असे, कोनाड्यात पालथा घातलेला. लिहायला लाज वाटते, पण होता. मुनशीचाचांना ते माहीत होतं. ते स्वतःच उठून कोनाड्यातून तो कप घ्यायचे. त्यावर मात्र कुणी कधी कोटी केली नाही.

एकदा वेंकटमामा लंगडत आले. नाना म्हणाले, "काय झालं?"

"कालु नोप्पी, स्वामी. कालु दुखतोय."

"काल दुखत होता ना? मग आज कशाला लंगडता?"

तेलुगूत कालु म्हणजे पाय. मुनशीचाचांनी वर आपली भर घातली, "आज नक्को लंगडो जी, कल आके लंगडो." ओसरी दणाणली. वेंकटमामा आपला दुखरा पाय धरून हसत होते.

मी पुष्कळ वर्षं विचार केला की यात माणूस हसतो कशाला. मला असं वाटतं की कोटीत एका दारातून दोन माणसं एकदम आत शिरायला बघतात आणि चौकटीत अडकतात. दोघांनाही ओळखणारा असेल त्याला मजा वाटते. एकालाच ओळखत असाल तर तुम्हाला नुसता एक माणूस आत येताना दिसतो, आणि त्यात हसण्यासारखं काही नसतं. माझी नात कॉम्प्युटरच्या कंपनीत आहे. ती मला मोबाईलवर विनोद दाखवते. मी विचारते, यात काय आहे? ती समजावून सांगते, आणि समजावून झालं की तिलाही ते विनोदी वाटेनासं होतं. मग ती "जाऊ दे आजी" म्हणून उठून जाते. तिला मराठी वाचता येत नाही, अडखळते. म्हणून मी हे मोकळेपणी लिहिते आहे.

तर बैठकीचा एक कायदा होता. तो नाना आणि मुनशीचाचांनी मिळून काढलेला. अदालतीत मोठे साहेब काही बोलले की कारकून मंडळी कळो न कळो, माना हलवून हसायची. नानांना त्याचा फार राग. ते म्हणत, "साहेबाला हसतात तसं हसणं माझ्या ओसरीवर चालणार नाही." म्हणून कायदा असा, की कोटीचा अर्थ कुणी सांगायचा नाही. आणि कुणी न कळता हसतोय असा संशय आला, तर दुसऱ्याने टाळी वाजवून म्हणायचं, "पकडा!" पकडलेल्याने दोन्ही अर्थ सांगायचे. सांगता नाही आले तर उभं राहून बैठकीतल्या प्रत्येकाला वाकून सलाम करायचा, आणि आले तर तोच सलाम पकडणाऱ्याने. त्या वर्षी नानांनी मलाही खेळात घेतलं होतं. मुनशीचाचा मला कमल म्हणायच्या ऐवजी 'कमाल बेगम' म्हणायचे, आणि मी दहा वर्षांची, त्यामुळे मला ते खरं वाटायचं.

आई खेळात नव्हती. ती स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी उभी राहायची, हाताला पीठ, पदर खांद्यावरून घेतलेला. प्रत्येक कोटीला हसायची. मोठ्याने नाही, पण सबंध हसायची, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. नाना कोटी करून झाली की एकदा तिकडे बघायचे. आठवडाभर ती कामाला जुंपलेली असायची. तिला मी त्या एका तासात जेवढी बरी दिसलेली पाहिली तेवढी एरवी कधी पाहिली नाही.

मी एक गोष्ट हेरली होती. आई सगळ्यांच्या मागून हसायची. एका श्वासाचा फरक. ती शब्दाकडे लक्षच देत नसे, नानांच्या तोंडाकडे बघत असे. तिला काही कळत नाही हे मला पक्कं ठाऊक होतं. पोर अजाण होती, नकळत बोलून गेली, असं मी आता म्हणणार नाही. आदल्या रविवारी नानांनी मला पकडलं होतं आणि मला तीन सलाम करावे लागले होते. मला कुणाला तरी पकडायचं होतं. नानांना पकडणं शक्य नव्हतं, पाहुण्यांना पकडायची हिंमत नव्हती. राहिली आई.

त्या दिवशी मुनशीचाचा एका वकिलाची नक्कल करत होते. "दावा मजबूत है जनाब, मगर… गवाह पक्के हैं, मगर… आप का हक बनता है, मगर…"

नाना मांडीवर थाप मारून म्हणाले, "म्हणूनच सांगतो चाचा, त्या वकिलाच्या पाण्यात उतरू नये. दर दोन हातांवर मगर!"

मगर म्हणजे उर्दूत 'पण'. बाजारात लोक 'पन'च म्हणतात, 'मगर' हा कागदांतला, कचेरीतला शब्द. आईच्या कानाला तो लागलेलाच नव्हता. वेंकटमामा हसले, मुनशीचाचा हसले, आणि एका श्वासानंतर आई हसली. मी टाळी वाजवली.

"पकडा! आईला पकडा!"

"अरे वा," वेंकटमामा म्हणाले, "वहिनी पण खेळात आल्या!"

नाना रंगात होते. "हां, सांगा बघू. दोन्ही अर्थ सांगा आणि या कार्टीलाच सलाम करायला लावा." त्यांचा चेहरा मला अजून दिसतो. त्यांना जराही शंका नव्हती.

आई म्हणाली, "मगर… पाण्यात असते ती."

"एक झाला. दुसरा?"

आईने माझ्याकडे बघितलं. मला माहीत आहे हे तिला त्या क्षणी कळलं. म्हणाली, "दुसरा नाही येत मला."

"मग हसलीस कशाला?"

"तुम्ही हसलात म्हणून."

आत कढईतलं तेल कडकडत होतं. मुनशीचाचा हळूच म्हणाले, "छोड़ो जी. भाभी पे कायदा नहीं चलता."

"कायदा सगळ्यांना सारखा," आई म्हणाली. तिला त्या वाक्याचा अर्थ कळला होता की त्यांचा सूर, कोण जाणे. तिने पिठाचा हात पदराला पुसला, उंबरा ओलांडून ओसरीवर आली, आणि वेंकटमामांना वाकून सलाम केला. मग मुनशीचाचांना. ते ताडकन उठून उभे राहिले आणि तिच्यापेक्षा खाली वाकले. मग नानांना. आणि मी बैठकीत होते, म्हणून शेवटी मला. तिचा सलाम चुकीचा होता, डाव्या हाताने केलेला. कुणी हसलं नाही. ती आत गेली आणि राहिलेली भजी तळून तिने बाहेर पाठवली. माझ्या हाती.

दुपारी नाना स्वयंपाकघरात गेले. मी ओसरीवर भांडी पुसत होते, मला सगळं ऐकू आलं.

"पहिल्यापासून?"

"पालु आणि चालु तेवढं कळायचं. बाकी नाही."

"इतकी वर्षं?"

"हो."

"अगं, मग मी कुणासाठी…" एवढंच म्हणाले. बाहेर आले आणि कोट घालून कुठेतरी निघून गेले. रविवारी दुपारी ते कधी बाहेर जात नसत. माझी समजूत आहे की त्यांना कारकुनांचं हसणं आठवलं असणार. आपल्याच घरात आपण साहेब होऊन बसलो होतो असं कुणाला कळलं तर त्याने काय करायचं?

त्यानंतर आई उंबऱ्याशी आली नाही. रागावली नव्हती. मला मारलं नाही, टाकून बोलली नाही, जेवायला वाढायची, वेणी घालायची. फक्त रविवारी चूल आणि भिंत यांच्या मधे पाट घेऊन बसायची आणि चहा-भजी माझ्याकडून बाहेर पाठवायची. नाना आता कोट्या मोठ्या आवाजात करू लागले. मुनशीचाचा दोन हातांवर बसलेले, तरी नाना ओरडून बोलायचे. मग मी आत-बाहेर करत असताना मला जवळ ओढून विचारायचे, "कमळे, आत हसली का?" मी मान हलवून नाही म्हणायचे. त्यांनी सोप्या, नुसत्या मराठी कोट्याही करून बघितल्या. त्या इतक्या वाईट होत्या की वेंकटमामा गणिताच्या वह्या तपासायच्या आहेत म्हणून लवकर उठू लागले.

मी केलं होतं, तेव्हा मलाच निस्तरायचं होतं. मी आईला म्हटलं, "मी तुला शिकवते. उर्दू, तेलुगू, दोन्ही. मग तुला सगळं कळेल."

मला वाटलं झिडकारेल. तिने सुपातली डाळ पाखडता पाखडता विचारलं, "किती दिवस लागतील?"

रोज दुपारी आम्ही बसायचो. ती डाळ निवडायची, अंबाडीची पानं खुडायची, आणि मी शब्द सांगायचे. नीळ्ळु म्हणजे पाणी. तल म्हणजे डोकं. यावर मी म्हटलं, "बघ, त्यांचं डोकं म्हणजे आपलं तळ," तर तिने ते दोनदा म्हणून पाहिलं आणि पुढचा शब्द विचारला. ती फार चांगली विद्यार्थिनी होती. माझ्यापेक्षा चांगली. एकदा सांगितलेलं विसरत नसे. श्रावणापासून संक्रांतीपर्यंत आमचं चाललं. वाणाच्या वस्तू घ्यायच्या वेळी बांगडीवालीला ती म्हणाली, "कैकू इत्ता बोलते? सीधा बोलो," तेव्हा ती बाई टोपली खाली ठेवून बघत राहिली. मी तर नाचायचीच राहिले होते. मला वाटलं, आता झालं. आता एक चांगली कोटी व्हायचा अवकाश.

ती झाली माघातल्या एका रविवारी. नाना सांगत होते, "काल अदालतीत चार वर्षांनी दोन भावांनी राजीनामा दिला."

वेंकटमामा म्हणाले, "दोघांनी? नोकरीचा?"

"नाही हो. भांडणाचा!"

उर्दू कचेरीत राजीनामा म्हणजे समेटाचा कागद. आपल्यात राजीनामा म्हणजे नोकरी सोडणं. मुनशीचाचा तर उठून नानांच्या पाठीवर थोपटायला लागले. नानांच्या उमेदीतली कोटी होती ती, फार दिवसांनी जमलेली. मी धावत आत गेले. हा शब्द मी आईला शिकवला होता.

"ऐकलंस? कळलं?"

आई चहा गाळत होती. "कळलं की. तिकडे समेट, आपल्याकडे नोकरी सोडणं."

"मग?"

"मग काय? दोन्ही अर्थ बरोबर आहेत ना?"

"बरोबर आहेत. पण हसली नाहीस."

तिने गाळणी बाजूला ठेवली. जरा विचार केला. मला बरं वाटावं म्हणून ती काहीतरी बोलून मोकळी झाली नाही, तिने खरंच शोधून बघितलं आणि मग सांगितलं. "आधी मी त्यांच्याकडे बघायचे गं. नाक हलायचं, मग डोळे, मग खांदे. ते बघून मला हसू आवरायचं नाही. आता शब्दाकडेच लक्ष जातं. एक अर्थ, दुसरा अर्थ, जुळले. जुळले तर जुळले." मग म्हणाली, "शिकवलंस ते बरं केलंस. बांगडीवाली आता फसवत नाही." आणि कप माझ्या हातात दिले.

मी बाहेर आले. नानांनी मुनशीचाचांच्या बोलण्यातून मान बाहेर काढली आणि माझ्या हातातला कप घेता घेता विचारलं, "हसली का?"

मी म्हटलं, "हो."

"खरं?"

"पदर तोंडात धरून हसली. तुम्हाला ऐकू नाही आलं."

ते सरळ होऊन बसले. लहान मुलासारखे लाल झाले होते. चहा न पिताच त्यांनी लगेच दुसरी कोटी केली, आणि तीही बरी होती. त्या दिवसापासून दर रविवारी त्यांनी विचारायचं आणि मी हो म्हणायचं. कधी मी म्हणायचे, थोडंसं हसली. कधी म्हणायचे, खूप. सगळ्या कोट्यांना 'खूप' म्हटलं असतं तर त्यांना खरं वाटलं नसतं. मी खोटं बोलायला चांगली शिकले. आईला ते बहुधा ऐकू येत असावं, घर केवढंसं होतं. तिने मला त्याबद्दल कधी विचारलं नाही, आणि नानांना खरं काय ते सांगितलंही नाही.

दुसऱ्या वर्षी तिला कावीळ झाली. वैद्य झाले, मोठा दवाखाना झाला. वीस-पंचवीस दिवसांत संपली. माझी चौथीची परीक्षा होऊन गेली होती. पाचवीचं नाव घातलं नाही. चूल कुणीतरी पेटवायला हवी होती, आणि घरात दुसरं होतं कोण?

महिना उलटल्यावर एका रविवारी मुनशीचाचा आणि वेंकटमामा आले. भजी मी तळली, आतून कच्ची राहिली, सगळ्यांनी खाल्ली. कोटी कुणी केली नाही. इकडचं तिकडचं बोलणं झालं, आणि मग नाना म्हणाले, "एक बरं झालं. मधे जरा रुसली होती. पण शेवटचं वर्षभर ती माझ्या प्रत्येक कोटीला हसली. आणि ती सगळी कळून हसली."

वेंकटमामांनी मान हलवली. मुनशीचाचांनी माझ्याकडे बघितलं. मी चहाच्या कपबशा गोळा केल्या आणि विसळायला आत गेले.